जुना सिनेमा नेमका कुठे गळतो?

गेल्या मे महिन्यात गंगाखेडजवळच्या आमच्या गावी सगळे जमलो होतो. उकाड्यामुळे घरात कुणी थांबेना, म्हणून टीव्ही अंगणात आणला आणि भाचीने मोबाइलवरून ‘एक होता विदूषक’ लावला. पाचच मिनिटं झाली असतील, आबा खाटेवर उठून बसले. "लक्ष्याचं तोंड असं रुंद काहून दिसायलंय गं? बिमार होता का त्या टायमाला?"

बिमार आमचा टीव्ही होता. जुन्या टीव्हीचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असायचा, म्हणजे ४:३. आताचे टीव्ही १६:९. यूट्यूबवर किंवा कुणाच्या पेन ड्राइव्हवर जुन्या मराठी सिनेमांच्या ज्या प्रती मिळतात, त्यातल्या बऱ्याच त्या जुन्या मापाच्या असतात. कडेचे काळे पट्टे डोळ्यांना खुपतात म्हणून आपण ‘फुल स्क्रीन’ करतो, चित्र ताणलं जातं आणि प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाड होतो. झूम केलं तर आणखी वाईट. वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो. वरून फेटा जातो, खालून पायातले चाळ जातात. तमाशावरच्या सिनेमात चाळच दिसले नाहीत तर मग बघायचं काय? भाचीने सेटिंगमध्ये जाऊन माप नीट केलं, लक्ष्या बरा झाला आणि सिनेमा पुढे सरकला.

एवढ्याशा गोष्टीने सुरुवात केली, कारण ‘जुना सिनेमा आज बघवतो का?’ या प्रश्नाचं उत्तर आपण फार घाईने देतो. दहा मिनिटं बघायचं आणि ‘जुनाट वाटतो’ म्हणून बंद करायचं. काय जुनाट वाटलं, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे माळवदाची घरं असतात. खाली सागवानी खांब आणि तुळया, वर मातीचा जाड थर. दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकावी लागते. एखाद्या पावसाळ्यात घर गळायला लागलं की शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, आता पाडा हे. घरातला जाणता माणूस मात्र आधी वर चढतो आणि कुठून गळतंय ते बघतो. पुष्कळदा नुसती माती धुपलेली असते आणि खालचं लाकूड खणखणीत असतं. कधी उलटंही असतं, वरून लिपून-सारवून झकास आणि तुळईला आतून वाळवी.

सिनेमाचंही असंच बघावं लागतं, आणि पहिली गळती असते ती प्रतीची.

सिनेमा ही मुळात एक वस्तू आहे. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म, सेकंदाला २४ चित्रं, मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या सिनेमाची सगळी फिल्म उलगडून रस्त्यावर टाकली तर सव्वातीन किलोमीटर भरेल. ही वस्तू सुकते, आकसते, कुजते. १९५०च्या आसपासपर्यंत जी नायट्रेट फिल्म वापरायचे ती तर पेट घ्यायला निमित्तच शोधायची. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून डबे गोळा केले, तरी २००३च्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेलाच. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, १९३१चा. त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्यामुळे तो आज बघवतो का, हा प्रश्नच येत नाही. नंतरची ॲसिटेट फिल्म पेटायची नाही, पण उष्ण आणि दमट जागी पडून राहिली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती वेडीवाकडी होते. आपल्याकडच्या पत्र्याच्या गोदामांत काय झालं असेल, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

रंगाचं गणित मला फार उशिरा कळलं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं बनलेलं असतं, आणि चांदी टिकते. रंगीत फिल्मवर तीन रंगद्रव्यांचे थर असतात. जुन्या फिल्ममधलं निळसर-हिरवं द्रव्य आधी उडतं, मागे राहतो गुलाबी-तांबडा रंग. म्हणून १९७५चा कृष्णधवल ‘सामना’ आजही ताठ उभा दिसतो, आणि त्याच काळातला एखादा रंगीत सिनेमा, नीट जपलेला नसेल तर, जत्रेतल्या गुलालात बुडवून काढल्यासारखा दिसतो.

याने सिनेमाचा अर्थच कसा बदलतो, ते सांगते. श्याम बेनेगल यांच्या १९७४च्या ‘अंकुर’मध्ये शेवटी एक लहान पोरगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावतो आणि पळून जातो. (पन्नास वर्षं झाली, शेवट सांगितला तर चालेल.) त्यानंतर सगळा पडदा लाल होतो. मी कॉलेजात असताना हा सिनेमा एका गुलाबी पडलेल्या प्रतीत पाहिला होता. शेत गुलाबी, भिंती गुलाबी, शबाना आझमींची साडी गुलाबी. शेवटी पडदा लाल झाला, तो मला कळलाच नाही. मला वाटलं, संपला. वहीत लिहून ठेवलं होतं, ‘शेवट फुसका’. पुढे कित्येक वर्षांनी चांगली प्रत बघायला मिळाली. हिरव्या शेतातून, पांढऱ्या उन्हातून दोन तास चालत आल्यावर तो लाल रंग अंगावर आला. माझ्या वहीतलं ते मत सिनेमाबद्दल नव्हतंच, उडून गेलेल्या रंगद्रव्याबद्दल होतं.

आवाजाचीही अशीच फसगत होते. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. सिनेमा २४चा. मग सिनेमा जरासा पळवून दाखवायचे. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढायचे. टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या प्रतींत ती घाई अजून तशीच आहे. त्यावर नवीन टीव्हीचा आगाऊपणा वेगळाच. दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घालून तो हालचाल गुळगुळीत करतो, आणि जुना सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ असं काही दिसलं की ते बंद करून टाकायचं.

आमच्या भागात तर मूळ सिनेमा अख्खा पोचला तरी होता का, हीच शंका आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला संपलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्र झाला. पण सिनेमावाल्यांच्या वहीत निझाम अजून गादीवर आहे. हिंदी सिनेमाच्या वितरणात देशाचे जे इलाखे पाडलेत, त्यातल्या एकाचं नावच ‘निझाम’. तेलंगणासोबत मराठवाड्याचे जिल्हे त्यातच मोजतात. सिनेमाची पेटी, म्हणजे रिळांच्या डब्यांची पेटी, मोठ्या शहरांत घासून झाली की तालुक्याला आणि तिथून जत्रेतल्या तंबूत यायची. तोवर फिल्मवर इतके ओरखडे असायचे की पडद्यावर बाराही महिने पाऊस. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चित्रं कापून ती चिकटवायचा. दर तुटीला दोन चित्रं धरली तरी बारा तुटींत एक सेकंद गेला. तो सेकंद कधी संवादातल्या नेमक्या शब्दाचा असायचा.

माळेगावच्या जत्रेतली एक गोष्ट आबा नेहमी सांगतात. तंबूत रिळांची अदलाबदल झाली, मेलेला हिरो पुढच्या रिळात गाणं म्हणायला परत आला आणि पब्लिकने शिट्ट्या मारून त्याचं स्वागत केलं. तक्रार कुणीच केली नाही. आबांच्या पिढीचं ‘तो पिक्चर भारी होता’ किंवा ‘बंडल होता’ हे मत कुठल्या प्रतीवर, किती रिळांवर आणि कुठल्या क्रमावर बनलंय, हे त्यामुळे विचारून घ्यावं लागतं.

आता दुसरी गळती, वेगाची. अर्ध्या तासाने भाची म्हणालीच, "आत्या, किती स्लो आहे गं हे." ती पुण्यात शिकते, दिवसाला शेकडो रील्स बघते. रील म्हटलं की तिला बोटाने सरकवायची आठवते, आबांना पत्र्याच्या डब्यातली.

तिची तक्रार खोटी नाही. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकी अभ्यासकाने हॉलिवूडचे सिनेमे घेऊन एकेक शॉट किती वेळ चालतो ते मोजलं. १९३० ते १९६०च्या काळात सरासरी ८ ते ११ सेकंद यायची. शतक संपेपर्यंत ती ३ ते ६ सेकंदांवर आली. आपला डोळा या नव्या तालावर वाढलाय, त्यामुळे जुना शॉट थांबल्यासारखा वाटतो. आपल्याकडे आणखी एक कारण होतं. कच्ची फिल्म महाग, त्यात बरीचशी परदेशातून यायची. एकच प्रसंग पाच कोनांतून पाच वेळा घ्यायची चैन मराठी निर्मात्याला कुठली? कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि नटांकडून अख्खा प्रसंग काढून घ्यायचा. आज तो प्रसंग संथ दिसतो. पण नट मुरलेला असेल तर त्याच संथपणात त्याचं काम दिसतं. ‘सामना’त श्रीराम लागू आणि निळू फुले समोरासमोर बसतात तेव्हा कॅमेऱ्याने उड्या मारल्या नाहीत, याबद्दल मी आभारीच आहे.

सगळा संथपणा मात्र गुणाचा नसतो. गाडी येते, दार उघडतं, माणूस उतरतो, दार लावतो, जिना चढतो, बेल वाजवतो. त्या काळी प्रेक्षकाला ‘तो आता तिच्या घरी आला’ एवढं समजावं म्हणून हे सगळं दाखवायचे. आज ते वाळलेलं लाकूड आहे, ते बिनधास्त पुढे ढकला. ‘एक होता विदूषक’चा उत्तरार्ध मला तेव्हाही सैल वाटला होता, या वेळीही वाटला.

पण भाचीला जो भाग संथ वाटला तो वेगळा होता. फडावरचा तमाशा चालू होता आणि गोष्ट पुढे जात नव्हती. तिथे आबा मध्ये पडले. "गोष्ट जाईना कशी? आधी गण, मग गवळण, मग बतावणी. वग लागायला रात्रीचा एक वाजायचा." तमाशाची बांधणीच अशी आहे. गणपतीला वंदन, मग गवळणी आणि मावशीची थट्टा, मग सोंगाड्याची बतावणी, आणि या सगळ्यानंतर वगाचं कथानक. बतावणीत कथा पुढे सरकत नाही, ती सरकवायची नसतेच. तिथे सोंगाड्या गावच्या पाटलापासून दिल्लीपर्यंत कुणालाही टपल्या मारतो. हा सिनेमा एका सोंगाड्याचा असल्यामुळे त्याच्या अंगात तोच ताल आहे. एकदा हे कळल्यावर भाचीने मोबाइल उलटा ठेवला. पूर्ण वेळ नाही, पण ठेवला.

आवाज आणि बोली या बाबतीत मात्र जुना मराठी सिनेमा आमच्याकडे वेगळाच गळतो, आणि ही गळती पहिल्या दिवसापासूनची आहे. कॅमेरे घरघर करायचे, त्यामुळे चित्रीकरणाच्या जागी धरलेला आवाज वापरता यायचा नाही. नट नंतर बंद खोलीत येऊन संवाद पुन्हा म्हणायचे. चित्रीकरणातच आवाज धरायची पद्धत आपल्याकडे पुन्हा गाजली ती २००१च्या ‘लगान’पासून. म्हणून जुन्या ग्रामीण सिनेमात माणूस भर रानात उभा असतो आणि आवाज कपाटातून येतो. वारा नाही, टिटवी नाही, लांबून कुणी बैलाला दिलेली हाक नाही. खरं शेत माहीत असलेल्या माणसाला ही शांतता खटकतेच.

बोलीचं त्याहून अवघड. मराठी सिनेमा कोल्हापूर-पुण्यात वाढला. त्यामुळे पडद्यावर ‘गावाकडची भाषा’ म्हणून जी ठरली ती त्या बाजूची. गाव कुठलंही असो, पाटील कोल्हापूरच्या वळणाने बोलणार. परभणीचं ‘काय करायलास’ किंवा लातूरचं ‘काय करलालास’ ऐकू येणार नाही. आमच्या पिढीला याची इतकी सवय झाली की गॅदरिंगमध्ये नाटकात शेतकरी झालं की आम्हीही आपोआप तसंच बोलायचो, आणि घरी गेल्यावर परत आपल्या बोलीत यायचो.

म्हणून गंमत बघा. ‘अंकुर’ हिंदी सिनेमा, गोष्ट हैदराबादच्या बाजूच्या खेड्यातली. त्यातली माणसं दखनी बोलतात. ‘नक्को’, ‘हौ’. हे नांदेडच्या, परभणीच्या, संभाजीनगरच्या गल्लीत रोज कानावर पडणारं. आमच्या आईला तो सिनेमा कधी परका वाटला नाही. जमीनदाराच्या पोराने शेतावर येऊन हुकूम सोडावेत आणि बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकावं, हे निझामी मुलखातलं चित्र तिच्या आजोबांच्या गोष्टींत होतंच. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक तो ‘वेगळा सिनेमा’ म्हणून बघत होता, आई त्यात ओळखीचं माणूस शोधत होती. तोच सिनेमा एका गावात कलात्मक ठरतो आणि दुसऱ्या गावात शेजारचा, मग तो टिकला की नाही हे ठरवायला बसायचं कुठल्या गावात?

तिसरी गोष्ट मूल्यांची, आणि इथे भांडणं होतात. माझी मावशी १९९१ साली ‘माहेरची साडी’ तीनदा बघून आली होती. टेम्पो करून बाया गेल्या होत्या. येताना टेम्पोत कुणी बोलत नव्हतं, म्हणते. मी मागे एकदा तो परत लावला आणि मला सोसवेना. सहन करणाऱ्या सुनेचा एवढा गौरव, त्यात तिचं दुःख इतकं सजवून ठेवलेलं. मी मावशीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आम्ही तिच्यासाठी थोडंच रडायलो होतो?" मी गप्प बसले. भरल्या थिएटरात, अंधारात, कारण न सांगता तीन तास रडायची सोय दुसरीकडे कुठे होती तिला?

तरीसुद्धा माझं मत बदललेलं नाही. बायांची ती गरज खरी होती, आणि सिनेमाची तुळई पोकळ होती. दोन्ही एकदम खरं असू शकतं. कारण त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८२ला, ‘उंबरठा’ येऊन गेला होता. जब्बार पटेलांच्या त्या सिनेमातली सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, घर सोडून महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी धरते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. आज लावा, भाचीच्या मैत्रिणी अर्धी रात्र वाद घालतील. आणखी मागे जा. १९३७चा ‘कुंकू’. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंचा तो ताठा बघताना वाटत नाही की मध्ये जवळपास नव्वद वर्षं गेलीत. वय कॅलेंडरच्या क्रमाने लागत नाही. १९३७चा सिनेमा १९९१च्या सिनेमापेक्षा तरुण निघतो.

इथे मी एक साधी चाळणी लावते. सिनेमात एखादी वाईट गोष्ट आहे, एवढ्यावरून तो बाद करत नाही. ती गोष्ट दाखवताना सिनेमा कुणाच्या बाजूला उभा आहे, हे बघते. नवरा बायकोला थोबाडीत मारतो. पुढच्या क्षणी कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर जातो? तिच्या गेला तर सिनेमाला काही दिसलंय. मारणाऱ्याच्या रुबाबावर गेला आणि वर ढोल वाजला, तर मग ‘तो काळच तसा होता’ या सबबीवर मी त्याला सोडत नाही. त्याच काळात ‘उंबरठा’ही होता ना.

काही सिनेमे मात्र यातल्या कशानेच मागे पडत नाहीत. चुकीच्या अपेक्षेने मागे पडतात. ‘एक होता विदूषक’ १९९२चा. ‘गुळाचा गणपती’नंतर जवळजवळ चार दशकांनी पु. ल. देशपांड्यांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत आनंद मोडकांचं. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. आणि लोकांनी पाठ फिरवली. कारण पोस्टरवर लक्ष्मीकांत बेर्डे होता. ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ बघितलेला माणूस तिकीट काढून हसायला आत गेला, आणि समोर आला तमाशाच्या फडात वाढलेला आबुराव. सोंगाड्या होतो, सिनेमात नाव काढतो, राजकारण्याच्या हातातलं खेळणं होतो, आणि सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. आबा तेव्हा अर्ध्यातून उठून आले होते. या वेळी पूर्ण बसले. मध्यंतरी बेर्डे वारले, त्यालाही वीस वर्षं झाली. आता त्याच्याकडून विनोदाचं येणं वसूल करायला कुणी बसलेलं नाही, त्यामुळे चेहरा मोकळेपणाने दिसतो.

त्यातली गाणी ना. धों. महानोरांची. पळासखेड्याचा कवी, अजिंठ्याच्या डोंगराजवळचा, २०२३ला गेला. ‘जैत रे जैत’, ‘सर्जा’, ‘मुक्ता’ हेही त्यांचेच. मराठवाड्याची बोली संवादांत आली नसेल, पण शेतातले शब्द महानोरांच्या मागच्या दाराने पडद्यावर शिरले. गाणी कधी गळली नाहीत. सिनेमे विस्मरणात गेले तरी रेडिओवर वाजत राहिली.

अपेक्षेचाच दुसरा बळी ‘आक्रीत’. १९८१, अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. आधार मानवतच्या हत्याकांडाचा, म्हणजे आमच्याच परभणी जिल्ह्यातला, १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे घडलेला. त्या प्रकरणाची दहशत अशी होती की आई आम्हाला संध्याकाळी ओट्यावरून आत बोलवायची ती मानवतचं नाव घेऊन, आणि हे घडून गेल्यावर पंधरा वर्षांनी. २०२४ला त्याच प्रकरणावर वेब मालिका आली तेव्हा सगळ्या जिल्ह्याने पाहिली. ‘आक्रीत’चं नाव मात्र माझ्या ओळखीत कुणी ऐकलेलं नव्हतं. गोड, साधा, बसस्टॉपवर लाजणारा पालेकर डोक्यात बसलेल्या प्रेक्षकाला तो तेव्हा पचला नसणार. आज उलटी अडचण आहे. गुन्ह्यांच्या मालिका बघून आपल्याला दर दहा मिनिटांनी तपासाचा नवा धागा हवा असतो, आणि इथे भर हाव आणि सत्तेवर आहे. तपासाची गोष्ट हवी असेल तर मालिका बघा. गाव असं का वागलं, हे बघायचं असेल तर ‘आक्रीत’ शोधा.

दुसऱ्या रात्री ‘सामना’ लावला. शेजारचे मामा आले होते. त्यांनी पंधरा हंगाम ऊस तोडलाय. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीनंतर बैलगाडीत संसार टाकून पश्चिमेला जायचं आणि उन्हाळ्यात परत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. साखर कारखाना आणि त्याच्या जोरावर सगळं गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील बघताना मामांना कुठलीच गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. सिनेमाभर फिरणारा प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं, हाही त्यांना जुना वाटला नाही. पन्नास वर्षांत सहकाराची चकाकी उतरली, काही कारखाने बंद पडले, काही विकले गेले. त्यामुळे तेव्हा धाडसी वाटलेला सिनेमा आता जवळजवळ साधा वाटतो, बातमीसारखा.

मग मामा मध्येच म्हणाले, "कारखाना हाय, चेरमन हाय, मास्तर हाय. टोळी कुठंय?"

टोळी म्हणजे तोडणीवाल्यांची टोळी. ‘सामना’ही तेंडुलकरांनीच लिहिलेला, पण त्यांची गोष्ट टोळीवाल्यांची नाहीच, ती सत्तेची आणि एका हरलेल्या मास्तरची आहे. सिनेमाची ही चूक म्हणता येणार नाही. पण गोदावरीच्या या काठावर बसून बघितलं की ती मोकळी जागा दिसते, आणि एकदा दिसल्यावर झाकता येत नाही. मी हा सिनेमा आधी चार-पाच वेळा पाहिलाय. मला कधी हा प्रश्न पडला नव्हता, कारण मी ऊस फक्त खाल्लाय.

मामांना उत्तर द्यायच्या आतच लाईट गेली. शेवटची वीसेक मिनिटं राहिली होती. भाचीने मोबाइलची बॅटरी लावून पिंपाला टेकवून ठेवली. कुणी उठेना. आबा अंधारात कधीपासून काहीतरी पुटपुटत होते. मग म्हणाले, "कालच्या त्या पिक्चरमधली बतावणी चांगली व्हती. पण लई आखूड. आमच्या टायमाला एकटा सोंगाड्या घंटाभर हालायचा नाही."

"आबा, करून दाखवा ना," भाची म्हणाली. मोबाइल तिने हातात घेतला होता.

"अशी बोडख्यानं करायची का?" आबा खाटेखाली चपला चाचपत म्हणाले. "खुंटीवरची टोपी आण आधी."